दोन बोटांची खाच

“सर कुठे आहेत?” नव्वद किलोच्या गृहस्थांनी विचारलं.

त्यांचं वजन धाकटीला माहीत होतं, कारण सकाळी सगळ्यांचे अर्ज तिनेच भरून घेतले होते. कुठल्याशा कचेरीतले नऊ जण एका दिवसाच्या प्रस्तरारोहणाला आले होते. त्यांच्यापुढे कमरेला दोर अडकवायचं हार्नेस, खांद्यावर दोराचं वेटोळं आणि दोन्ही हातांत हेल्मेटं घेऊन ती उभी होती.

“सर नाहीत. आजची बॅच माझी आहे.”

“हो, पण म्हणजे... सर येईपर्यंत तुम्ही तयारी करून ठेवणार ना?”

“सर येणारच नाहीत. मीच शिकवणार.”

गृहस्थांनी वाकून तिच्या पाठीमागे पाहिलं. सरांना तिने पिशवीत दडवून ठेवलंय की काय, असा संशय त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मग त्यांनी घसा साफ केला. “राग मानू नका, पण तुमचं वजन किती?”

“बावन्न.”

“आणि मी नव्वद! मी खाली यायच्या ऐवजी तुम्हीच वर जाल की हो!”

बाकीचे आठ जण खो खो हसले. धाकटीही हसली. हसण्यासारखं होतं ते.

“जाईन ना,” ती म्हणाली. “म्हणूनच मी स्वतःला या खडकाला बांधून घेतलंय. हा पट्टा दिसतो का? तुम्ही पडलात की मी एवढीशी उचलली जाईन आणि तिथेच अडकेन. दोर माझ्या कमरेच्या या कडीत आवळला जातो, तो मला हाताच्या ताकदीने धरावा लागत नाही. वजनाचा प्रश्न चांगला विचारलात. आता चढा.”

गृहस्थ पंधरा फूट चढले आणि खडकाला असे बिलगले, की त्यांना सोडवायला आता पोलीसच बोलवावे लागणार.

“हात सोडा,” धाकटी खालून म्हणाली.

“धरलंय ना नक्की?”

“कधीचंच धरलंय. डोळे उघडा.”

हात सोडून ते हवेत लोंबकळले, आणि काहीच झालं नाही. संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ जण माथ्याला हात लावून खाली आले. एकालाही साधं खरचटलं नाही. चारच्या सुमाराला तिचा एक सहकारी, स्पर्धा जिंकल्यापासून सगळे ज्याला चॅम्पियनच म्हणत तो, आपल्या सरावासाठी तिथे आला आणि नेहमीप्रमाणे त्याने अंगातला शर्ट काढला. झालं! नऊ जण त्याच्याभोवती गोळा झाले, फोटो निघाले, नव्वद किलोच्या गृहस्थांनी त्याचा हात हातात घेऊन “सर, तुमची बॅच फारच छान झाली” असं मनापासून सांगितलं. चॅम्पियनने ते मानेने स्वीकारलं. आणि दोर गुंडाळत बसलेल्या धाकटीला एकाने अगदी आपुलकीने विचारलं, “ताई, चहाचं काही होईल का?”

हे असं सहा वर्षं चाललं होतं.

एका जुन्या गोदामात मोठ्या सरांनी प्रस्तरारोहणाचं केंद्र काढलं होतं. आत तीस फूट उंच लाकडी भिंती, त्यांवर स्क्रूने बसवलेल्या रंगीबेरंगी पकडी, खाली जाड गाद्या. शहराबाहेर बसने तासाभरावर खरा कातळकडा. धाकटी कॉलेजात असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला त्या गोदामात गेली आणि मैत्रिणीला विसरून रात्री केंद्राचं शटर पडेपर्यंत भिंतीवरच राहिली. घरात दोन भावंडांतली लहान म्हणून धाकटी. केंद्रातही तेच नाव चिकटलं. पुढे ती तिथेच कामाला लागली. पकडी धुणं, त्या भिंतीवर बसवून नवनवे मार्ग रचणं, दोर तपासणं, बॅच घेणं ही सगळी कामं तिची. हुद्दा मात्र “सहायक”. सहा वर्षं सहायक. तिच्यानंतर आलेले तिघं प्रशिक्षक झाले होते, आणि त्यांतल्या दोघांना गाठ मारायला तिनेच शिकवलं होतं.

मोठे सर तसे वाईट नव्हते. “तुला लहान मुलांच्या आणि बायकांच्या बॅचेस छान जमतात,” ते म्हणत. त्यांना ते कौतुकच वाटायचं. पण ते कौतुक तिच्या पायात घोळायचं.

मग कड्याची ती वही. कड्यावर चढाईच्या जेवढ्या ठरलेल्या रेषा होत्या, त्यांना तिथे वाटा म्हणत. प्रत्येक वाटेचं नाव, ती पहिल्यांदा कोण चढलं, किती अवघड आहे त्याचा आकडा, हे सगळं सरांच्या टेबलावरच्या जाडजूड वहीत असे. त्या वहीतली “उलटा जिना” ही वाट आठ वर्षं “सात” होती. ती फक्त चार पुरुष चढले होते. मागच्या हिवाळ्यात धाकटी ती चढली. पंधरा दिवसांनी तिने वही उघडली, तर सातावर काट मारून कुणीतरी सहा केले होते. कुणीतरी म्हणजे चॅम्पियनने. त्याची हिरवी शाई सगळ्यांना माहीत होती.

“अगं, त्यात काय,” तो हसत म्हणाला होता. “बारीक बोटांना सोपीच आहे ती. तुमची बोटं कुठेही घुसतात.”

“तुमच्या लांब हातांना सोपी नव्हती का मग?”

“ते वेगळं. ती ताकद आहे.”

धाकटी त्या दिवशी घरी गेली. हातावर फाटलेल्या कातडीला मलम लावत स्वयंपाकघरात बसली. आई शिलाई मशीनवर होती. वीस वर्षं ती लोकांचे कपडे शिवत होती.

“मुलीच्या हाताला असे घट्टे?” आई म्हणाली. “दगड फोडायला जातेस का?”

“तुझ्या बोटाला सुईने किती भोकं पाडलीत, ते मोजू का?”

“माझं पोटासाठी आहे.”

“माझंही पोटासाठीच आहे, आई. आणि तुझ्यासारखंच मला ते आवडतंसुद्धा. तू कबूल करत नाहीस एवढंच.”

आईने पायाखालची पट्टी जोरात दाबली आणि मशीनचा आवाज वाढवला. बाबा खिडकीपाशी बसून होते. ते रंगारी. चाळीस वर्षं उंच इमारतींवर दोराला टांगलेल्या फळीवर बसून भिंती रंगवलेल्या. आता उजवा खांदा कामातून गेलेला. धाकटीच्या कामाबद्दल ते एकच वाक्य बोलले होते, तेही पहिल्या वर्षी: “मी दोरावर लोंबकळलो, ते तू खुर्चीवर बसावंस म्हणून.” त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि तिनेही नाही.

त्या वसंतात सरांनी जाहीर केलं, की केंद्राला मुख्य प्रशिक्षक नेमायचा आहे. अट एकच: कड्यावर स्वतः काढलेली किमान एक वाट हवी. सगळ्यांनी चॅम्पियनकडे पाहिलं. त्याच्या नावावर पाच होत्या. धाकटीने मात्र कड्याच्या उजव्या अंगाकडे पाहिलं. तिथे बाहेर झुकलेला, करडा, गुळगुळीत कातळ होता. त्याच्या वाटेला आजवर कुणी गेलं नव्हतं.

“तिथे पकडायला आहे काय?” सर म्हणाले.

“बघते,” ती म्हणाली.

तिच्या जोडीला होत्या गणिताच्या बाई. पन्नाशी उलटलेल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून बाई केंद्रात आल्या, तेव्हा दारातल्या माणसाने “मुलाला सोडायला आलात का?” असं विचारलं होतं. “हो,” बाई म्हणाल्या होत्या, “तो अजून जन्माला यायचाय, तोवर मीच चढते.” आता धाकटी चढायची तेव्हा खालून दोर त्याच धरायच्या. बोलायच्या कमी, मोजायच्या फार.

तीन महिने दर रविवारी दोघी पहाटेच्या बसने जात. धाकटी माथ्यावरून दोर सोडून खाली लोंबकळे आणि हातोडीने कातळावर टकटक करत आवाज ऐके. पोकळ वाजला की नाही म्हणायचं, घट्ट वाजला की खूण करायची. सुटे दगड काढायचे, शेवाळ ब्रशने घासायचं, मग ड्रिलने भोक पाडून त्यात पोलादी बोल्ट ठोकायचा. चढताना त्यात दोर अडकवत जायचं, म्हणजे हात सुटला तरी माणूस थोडंच खाली येतो. असे बारा बोल्ट. तिच्या केसांत, कानांत, डब्यातसुद्धा दगडाची भुकटी असे. बाबांनी एकदा तो डबा पाहिला आणि म्हणाले, “वाट काढतेस का वाट लावतेस?” पहिल्यांदाच त्यांनी विनोद केला होता. आई हसली, आणि हसू दिसू नये म्हणून आत गेली.

सातव्या बोल्टपाशी त्या वाटेचा जीव होता. तिथे कातळ एकदम कोरा होता. हातभर इकडेतिकडे धरायला काही नाही. फक्त एक खाच, जेमतेम दोन बोटांची. धाकटीची दोन बोटं त्यात दुसऱ्या पेरापर्यंत जात. त्या दोन बोटांवर सगळं अंग उचलायचं आणि वरची कड गाठायची. बाईंनी आलेख कागदावर सगळ्या वाटेचं चित्र काढलं होतं, मापांसकट. खाचेपुढे लिहिलं होतं: रुंदी साडेतीन सेंटिमीटर.

काम संपलं तेव्हा धाकटीने पहिल्या बोल्टला लाल फीत बांधली. ही जुनी रीत. जिने वाट काढली, ती आधी चढणार. तोवर इतरांनी हात लावायचा नाही. वाट चढली असं म्हणायला मात्र जमिनीपासून माथ्यापर्यंत एका दमात, दोरावर एकदाही न लटकता जावं लागतं. तिला खाचेपर्यंत जमत होतं. आणखी दोन-तीन रविवार, बाईंचा हिशोब होता.

तेवढ्यात आईच्या मोतीबिंदूची तारीख लागली. शिवणाऱ्या बाईचे डोळे, थांबून चालणार नव्हतं. भाऊ दुसऱ्या गावी. धाकटीने तीन आठवडे सुट्टी घेतली, आईच्या डोळ्यांत दर चार तासांनी थेंब घातले, बाबांचा खांदा शेकला, आणि मनातल्या मनात रोज ती वाट चढली.

चौथ्या रविवारी दोघी कड्यापाशी पोचल्या, तर फीत नव्हती.

“वाऱ्याने गेली असेल,” बाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता.

धाकटीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने दोर बांधला, बोल्टमागून बोल्ट करत सातव्यापाशी पोचली आणि खाचेत बोटं घातली. दोनाऐवजी चार बोटं आत गेली, सहज, घरच्या कपाटाच्या मुठीवर जावीत तशी. खाचेची खालची कड ताजी, पांढरीफट्ट होती, आणि तिच्यावर तिरप्या, समांतर रेघा होत्या. दगड आपोआप असा झिजत नाही. खाली एका उंचवट्यावर अजून भुकटी साचलेली होती.

 खाली आली तेव्हा म्हणाली एवढंच, “बाई, पट्टी द्या. आणि मोबाइल.”

रुंदी भरली सहा सेंटिमीटर.

सोमवारी केंद्रात गेल्यावर उरलेलं कळलं. बुटांच्या एका कंपनीने चॅम्पियनसाठी छायाचित्रकार पाठवला होता. तो तिची नवी वाट चढतानाचा व्हिडिओ शंभर लोकांनी एकमेकांना पाठवून झाला होता. सगळे त्याच्या पाठीवर थाप मारत होते. धाकटी सरळ सरांच्या खोलीत गेली. चॅम्पियन तिथेच बसला होता.

“फीत तू काढलीस?”

“फीत होती का?” तो म्हणाला. “मला नाही दिसली. आणि तू महिनाभर फिरकली नाहीस. मला वाटलं सोडलंस. घरचं वगैरे असतं ना बायकांना.”

“आणि छिन्नी?”

“कसली छिन्नी?”

तिने टेबलावर बाईंचा आलेख कागद ठेवला आणि शेजारी कालचा फोटो, पट्टीसकट. सरांनी चष्मा लावला. बराच वेळ ते कधी कागदाकडे, कधी फोटोकडे पाहत राहिले.

“ठिसूळ दगड असेल,” चॅम्पियन म्हणाला. “माझ्या वजनाने तुटला.”

“वजनाने तुटलेल्या दगडावर रेघा उमटतात का?”

सरांनी चष्मा काढला. “हे बघा, तुम्ही दोघंही माझीच लेकरं. कातळ काही कुणाच्या बापाचा नाही.”

“नाही ना,” धाकटी म्हणाली. “म्हणूनच त्याला छिन्नी लावायचा हक्क कुणाच्या लेकाला नाही.”

 कोपऱ्यातली केटली उकळून आपोआप बंद झाली.

“असं करू,” सर समजुतीच्या सुरात म्हणाले. “तूही या आठवड्यात चढ. वहीत दोघांची नावं लिहू. भांडण मिटलं.”

“मला अर्धं नाव नको, सर. आणि आता मी चढले तर ती माझी वाट नाहीच. कुणीही चढेल तिथून. मला फक्त खाच बुजवायची परवानगी द्या.”

“बुजवायची? म्हणजे होती तशी करायची?”

“होती तशी आता देवालाही करता येणार नाही. पूर्ण बुजवायची. सपाट.”

चॅम्पियन हसला. “अगं वेडे, मग तुलासुद्धा नाही चढता येणार. खाचेशिवाय तिथून माणूस जाऊच शकत नाही.”

“ते मी बघीन.”

सर कितीतरी वेळ वहीवर बोटं आपटत बसले. शेवटी म्हणाले, “बुजव. पण तोवर वहीत मी काहीच लिहीत नाही. ना त्याचं, ना तुझं.” चॅम्पियन खुर्ची मागे ढकलून निघून गेला.

घरी आल्यावर तिने बाबांसमोर फोटो ठेवला. “बाबा, दगडातली खाच बुजवायचीय. पावसात निघता कामा नये, आणि ठिगळ दिसता कामा नये.”

बाबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. भिंतीतली भोकं बुजवण्याला रंगारी लांबी भरणं म्हणतात. त्यांनी आयुष्यात किती लांबी भरली असेल त्याला गणती नव्हती.

“साधी लांबी नाही चालायची,” ते म्हणाले. “दोन डब्यांत येतं ते चिकट रसायन घे. त्यात त्याच दगडाची भुकटी कालव, दुसऱ्या दगडाची नाही. आधी आतली धूळ काढ, सगळी. लोक तिथेच आळस करतात. दाबून भर, हवा राहू देऊ नको. आणि ओलं असतानाच वरून सुकी भुकटी फुंक, म्हणजे रंग मिळतो.” मग त्यांनी विचारलं, “हे कुणी केलं?”

तिने सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. आई दारात उभी होती, डोळ्यांवर काळा चष्मा.

“माझी अर्धी रंगवलेली भिंत एकाने अशीच आपली म्हणून दाखवली होती,” बाबा म्हणाले. “मी गप्प बसलो. तेव्हा मला शहाणपण वाटलं होतं ते.” त्यांनी फोटो तिच्याकडे दिला. “तू नको बसूस.”

खाच बुजली. तीन दिवसांत ती दगडासारखी कडक झाली, आणि खालून पाहणाऱ्याला तिथे कधी काही होतं हे ओळखू येईना.

मग सुरू झालं ते खरं काम. खाचेशिवाय त्या कोऱ्या जागेतून जायचं कसं? धाकटीने इंच इंच कातळ बोटांनी चाचपला. उजवीकडे एक उतरती, निसरडी कड होती. तिच्यावर नुसता तळवा दाबून राहायचं. पण तेवढ्यावर अंग उचलत नव्हतं. तिचे हात चॅम्पियनएवढे लांब नव्हते. वरची कड एक वीत दूर राहत होती. पाचव्या रविवारी तिने डावा पाय छातीच्या उंचीला नेऊन एका बोटभर उंचवट्यावर टाच अडकवून पाहिली. टाच धरली, हात सुटला, आणि ती धपकन खाली येऊन दोरावर झुलली.

“पण टाच धरली,” बाई खालून म्हणाल्या, आणि कागदावर टिंब काढलं.

पडण्याची टिंबं बाई मांडत होत्या. वीस झाली, चाळीस झाली. पोटरीला गोळे येत, टाचेचं कातडं निघे. केंद्रात लोक म्हणू लागले, की पोरीने हातची पकड घालवून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. चॅम्पियनही दोनदा त्या वाटेवर जाऊन आला. दोन्ही वेळा सातव्या बोल्टपाशी लटकला, आणि वाटच आता खोटी झाली आहे असं सांगत परत आला. मुख्य प्रशिक्षकाची नेमणूक सरांनी पुढे ढकलली होती. एकदा धाकटीच रडकुंडीला आली. साठावं टिंब होतं ते.

“बाई, नाहीच जमलं तर?”

“तर नाही जमलं,” बाई म्हणाल्या. “गणितात काही काही प्रश्नांना उत्तर नसतं. पण तसं सिद्ध करावं लागतं गं, नुसतं म्हणून चालत नाही. अजून सिद्ध झालेलं नाही. पाणी पी.”

घरी तिने दाराच्या चौकटीला बोटांनी लटकायचा सराव वाढवला. आईचे डोळे आता स्वच्छ झाले होते, आणि तिला पहिल्यांदा मुलीची विजार गुडघ्यावर किती फाटली आहे ते दिसलं. काही न बोलता तिने नवी शिवली. मांडीपाशी जास्तीचा तुकडा घातला. “पाय एवढा वर नेतेस ना,” ती म्हणाली, “कापड ओढ घेत असणार.” कुठून कळलं विचारल्यावर म्हणाली, “बाबांनी दाखवलं. खुर्चीवर टाच ठेवून. पडलेच असते.”

हिवाळ्यातल्या एका बुधवारी हवा कोरडी आणि थंडगार होती. अशा हवेत हाताला घाम येत नाही, दगड चिकटून राहतो. बाईंनी शाळेतून अर्धी रजा टाकली. धाकटीच्या बायकांच्या बॅचमधल्या दोघी सरावाला आल्या होत्या. पलीकडच्या वाटेखाली चॅम्पियन बुटाच्या नाड्या बांधत होता.

धाकटी निघाली. पहिले सहा बोल्ट तिला आता झोपेतही आले असते. सातव्यापाशी तिने दोर अडकवला, श्वास सोडला. तळवा निसरड्या कडेवर. टाच वर, आणखी वर, अडकली. बुजवलेल्या जागेवरून तिचा गाल गेला इतकी ती कातळाला चिकटली होती. मग तिने टाचेने स्वतःला ओढलं, जसं पाण्यातून काठावर चढतात तसं, आणि डावा हात वर झोकून दिला. कड हाताला लागली. बोटं घसरली. दोन सुटली, दोन राहिली.

त्या दोन बोटांवर ती तोलून राहिली.

तिने दुसरा हात आणला. मग पाय. त्यापुढचे पाच बोल्ट ती घाबरतच चढली, कारण एवढ्यावर येऊन पडणं परवडणारं नव्हतं. नवव्यापाशी पाय थरथरायला लागला, तेव्हा ती मोठ्याने त्याला म्हणाली, “गप रे.” माथ्याच्या साखळीत दोर अडकवल्यावरच तिने खाली पाहिलं.

“उत्तर आलं!” गणिताच्या बाई ओरडल्या. त्या इतक्या मोठ्याने ओरडू शकतात हे कुणालाच माहीत नव्हतं. बॅचमधल्या दोघी टाळ्या पिटत होत्या. चॅम्पियन नाड्या बांधायच्या विसरून उभा होता.

शनिवारी मोठे सर स्वतः कड्यावर आले. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं ते तिकडे फिरकले नव्हते. माथ्यावरून दोर लावून, धापा टाकत ते सातव्या बोल्टपर्यंत गेले, बुजवलेल्या जागेवर हात फिरवला, टाचेचा उंचवटा चाचपला आणि खाली आले.

“माझ्या तरुणपणीही मला जमली नसती,” ते म्हणाले. त्यांनी पिशवीतून वही काढून तिच्यापुढे धरली. “लिही तुझ्या हाताने. आणि सोमवारपासून मुख्य प्रशिक्षक तू. उशीर केला मी. सहा वर्षांचा.”

“दोन गोष्टी आहेत, सर,” धाकटी म्हणाली. हे आत्ता बोललं नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही हे तिला माहीत होतं. “वाटेचा आकडा यापुढे एकट्याने बदलायचा नाही. त्या वाटेवर चढलेल्या तिघांच्या सह्या हव्यात. आणि फितीचा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायचा. फीत काढणाऱ्याला वर्षभर कड्यावर चढायला बंदी.”

“कुणीही असला तरी?”

“कुणीही.”

सरांनी मान हलवली, आणि चॅम्पियनची बंदी त्याच दिवसापासून धरली. बाईंचा आग्रह होता, आठ लिही. धाकटीने साडेसात लिहिलं. “टाच सापडल्यावर साडेसातच आहे, बाई. खोटं कशाला?” वाट कुणी काढली त्या रकान्यात तिने दोघींची नावं घातली. बाईंनी चष्मा पुसला, आणि वारा फार आहे असं म्हणाल्या. वारा अजिबात नव्हता.

लोक बदलले का? थोडे. एका प्रशिक्षकाने तिला “मॅडम” म्हणणं सुरू केलं, तेही दात काढत. दुसऱ्याने काम सोडलं. बायकांच्या बॅचमधल्या चौघींनी मात्र येऊन सांगितलं, की त्यांना वाटा काढायला शिकायचं आहे.

चॅम्पियन महिनाभराने आला. केंद्रात नाही, कड्यावरच, पण चढायला नव्हे. ती चौघींना ड्रिल कसं धरायचं ते दाखवत होती. तो बाजूला थांबला, शर्ट अंगात होता.

“माझी बोटं जात नव्हती,” तो म्हणाला. “कंपनीला तारीख देऊन बसलो होतो. आणि तू... तुझी जात होती. ते सहन झालं नाही.”

धाकटीने हातातलं ड्रिल खाली ठेवलं. माफ करावं असं तिला वाटलं नाही. बरं वाटलं, एवढं मात्र खरं.

“वर्षभराची बंदी संपली की ये,” ती म्हणाली. “वाट तिथेच आहे. टाचेची जागा विचारलीस तर दाखवीन. ज्या दिवशी चढशील त्या दिवशी वहीत तुझं नाव मी स्वतः लिहीन. छिन्नी घरी ठेवून ये.”

तो काहीतरी बोलणार होता, पण ती वळली होती. चौघींतल्या सगळ्यात बुटकीने हात वर केला होता. तिला पहिला बोल्ट तिच्या उंचीला हवा होता, आणि बाकीच्या तिघी तो फार खाली होतो म्हणून वाद घालत होत्या.

“थांबा थांबा,” धाकटी म्हणाली, “आधी तिला दगडावर उभी राहून हात कुठवर पोचतो ते तर बघू द्या.”